नाकावरची पट्टी

सिंदफणेचं कोरडं पात्र ओलांडून वैजिनाथआप्पाची बैलगाडी शिरूरच्या वेशीत शिरली, तेव्हा पहिला रामराम घातला तो खुद्द सुंदरराव पाटलांनी. वैजिनाथला वाटलं, आपल्यामागून कुणी बडा माणूस येतोय. त्याने वळून पाहिलं. मागे नुसती धूळ होती, आणि गाडीत नाकावर पांढरी पट्टी बांधून बसलेली त्याची बायको, जगदेवी.

"रामराम, आप्पा," पाटील पुन्हा म्हणाले आणि छातीवर हात ठेवून जरासे वाकले.

निजामाचा हुकूम हैदराबादेहून निघायचा खरा, पण शिरूरात तो बाहेर पडायचा पाटलांच्याच तोंडून. असा माणूस एका किराणा-तंबाखूच्या दुकानदाराला वाकून रामराम घालतो? एरवी दुकानावरून जाताना "वैजिनाथ, तंबाखू धाड बे" एवढंच ते म्हणत, तेही समोर बघत. वैजिनाथ होताच तसा. लिंगायताच्या घरातला गरीब स्वभावाचा माणूस. गिऱ्हाईक ओरडलं की तराजूत चिमूटभर जास्त टाकायचा आणि आई ओरडली की दुकानात जाऊन बसायचा. आज मात्र पारावर बसलेला धुळाजीसुद्धा त्याला बघून उठून उभा राहिला. हा धुळाजी पाटलांच्या बैठकीतला, कुणासाठी उठणाऱ्यांतला नव्हे.

वैजिनाथने सगळ्यांना हात जोडले आणि बैलांना हाकलं. लोकांना एकदम काय झालं असेल, हा विचार करत तो घरापर्यंत आला. जगदेवीच्या दुखण्याची कीव आली असेल, असं त्याने ठरवून टाकलं. भोळा माणूस नेहमी दुसऱ्याच्या चांगुलपणावर हिशेब मिटवतो.

दुखणं होतंच तसं. जगदेवी लहानपणी उखळावर पडली होती आणि तेव्हापासून तिचं नाक मधूनच उजवीकडे कललेलं होतं. दिसायला वाकडं, याचं तिला काही वाटत नसे. वैजिनाथच्या मामीने एकदा टोमणा मारला, तेव्हा ती हसून म्हणाली होती, "सरळ नाकाच्या बी लई बाया बघितल्या, मामी. भांडायला कुणी कमी न्हाई." खरा त्रास आत होता. डाव्या बाजूने वारा जातच नसे, उजवीकडून कसाबसा. घास चावता चावता थांबून तिला तोंडाने दम घ्यावा लागे. झोपेत श्वास अडला की ती घुसमटून उठून बसायची, आणि तिच्यासोबत वैजिनाथही. वैद्याने नाकात तेल सोडलं, हकिमाने तपकीर दिली, सासूने अंगारा लावला. तेलाने सर्दी झाली, तपकिरीने शिंका आल्या आणि अंगाऱ्याने काहीच झालं नाही.

मग एका फिरत्या व्यापाऱ्याने त्याला नगरच्या मिशनच्या दवाखान्याबद्दल सांगितलं. नगर म्हणजे इंग्रजाचा मुलूख, आणि मिशन म्हणजे किरिस्ताव. त्यांच्या हातचं औषध सून प्याली असं कळलं असतं, तर वैजिनाथच्या आईने, शिवम्माने, तिला चुलीपाशी येऊ दिलं नसतं. म्हणून वैजिनाथने आयुष्यातली पहिली मोठी थाप मारली. "परळीला जातो, वैजनाथाच्या दर्शनाला," असं सांगून त्याने पहाटेच गाडी जुंपली आणि परळीचा रस्ता सोडून उलट्या दिशेला, करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकातीची, चौकी ओलांडून, थेट नगर गाठलं.

तिथल्या गोऱ्या डॉक्टरने आरशाने उजेड पाडून नाकात पाहिलं आणि पुस्तकी मराठीत समजावलं. नाकाच्या दोन वाटांमध्ये एक भिंत असते. जगदेवीची भिंत कलून एका वाटेत पडली आहे. मिठाच्या पाण्याने धुवत राहिलं तर चार दिवस बरं वाटेल, पुन्हा तेच. पूर्वी चिमट्यात धरून ती भिंत मोडून सरळ करत, पण ती परत कलते. आता नवी रीत निघाली आहे: आतली नाजूक कातडी उचलायची, मधला वाकडा तुकडा काढून टाकायचा आणि कातडी होती तशी मिटवायची. "बाहेरून नाक असंच वाकडं राहील," डॉक्टर म्हणाला. "ते सरळ करायचं तर वरचं हाड मोडावं लागतं. तुम्हाला काय हवं?"

वैजिनाथ काही बोलायच्या आत जगदेवी म्हणाली, "भाईरचं राहू द्या. मला श्वास पायजे."

औषधात भिजवलेले कापसाचे बोळे घालून नाक बधिर केलं. जगदेवी गळ्यातलं इष्टलिंग काढणार नाही म्हणाली, तर डॉक्टर म्हणाला, मुठीत धरा. काम झालं. रक्त थांबायला आत घातलेले बोळे दोन दिवसांनी काढले, त्या सकाळी जगदेवीने तोंड मिटून लांब श्वास घेतला आणि ती घाबरून वैजिनाथकडे बघायला लागली. एवढा वारा आत जातो हे तिला ठाऊकच नव्हतं. मग ती रडली आणि तोही रडला. रस्त्यातली धूळ जाऊ नये म्हणून डॉक्टरने वरून पट्टी बांधली आणि सोमवारपर्यंत सोडू नका म्हणून बजावलं. नाकातली मुरणी काढलेली होती, ती वैजिनाथने सदऱ्याच्या खिशात जपून ठेवली.

घरी पोचल्यावर शिवम्मा दारात उभी होती. तिने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, मुरणी नाही हे पाहिलं, आणि काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. एक वेगळी थाळी आणि तांब्या काढून तिने गोठ्याच्या कडेला नेऊन ठेवला.

"आई, हे काय?"

"केलंस ते बरंच केलंस," शिवम्मा म्हणाली. "आता तिला ठिवायचं का माहेरी धाडायचं, ते बी तूच ठरव."

"काय केलं मी?"

"मला डोळे हायत, बाबा." ती आत निघून गेली.

वैजिनाथला वाटलं, नगरचं फुटलं. खरं काय फुटलं होतं ते त्याला संध्याकाळी चावडीवर कळलं.

पाटलांनी बोलावणं धाडलं होतं. जाजमावर, लोडाशेजारी, धुळाजीने सरकून त्याला जागा दिली. वैजिनाथ त्या जाजमावर जन्मात कधी बसला नव्हता. पाटलांनी स्वतः विडा लावून त्याच्या हातात दिला.

"शाबास," ते म्हणाले. "तुझ्या अंगात एवढी धमक असंल असं वाटलं न्हवतं आमाला."

"कसली धमक, पाटील?"

सगळे हसले. "वर इचारतोय बघा, कसली!" धुळाजी म्हणाला. "परळीचं नाव केलं आन् पहाटं गुपचूप नेली. आमचा मेव्हणा परळीतच हुता, त्याला तुमी दिसला न्हाईत. तवाच आमी वळखलं."

"बभ्रा न करता नाक कापून आणलंस," पाटील म्हणाले. "असं पायजे. पोलिसाचं, अमीनसाबाचं भ्या धरू नको. बीडाहून कुणी इचारायला आलंच तर बाई चुलीवर पडली म्हणून सांगू आमी."

वैजिनाथला क्षणभर काही ऐकू येईना. नुसती तोंडं हलताना दिसत होती. चार कोसांवरच्या वाडीत धुळाजीच्या चुलतभावाने संशयावरून बायकोचं नाक कापलं होतं. ती बाई अजून पदर दातात धरून पाणी भरायची, हे त्याला माहीत होतं. ते आणि आपण? ही माणसं आपल्याला त्यात बसवतायत, आणि त्यासाठी आपल्याला विडा देतायत?

"पाटील, तसं काई न्हाई," तो म्हणाला. "दवाखान्यात नेलतं तिला—"

"न्यावंच लागतं की! रगत थांबाया नको?" पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

पुढे बोलायचं, तर मिशनचं नाव काढावं लागणार आणि ते आईच्या कानावर जाणार. वैजिनाथने मनाशी ठरवलं, सोमवारी पट्टी सुटेल तेव्हा नाक सगळ्यांना आपोआप दिसेल. आपण कशाला तोंड उघडा? असं ठरवून त्याने विडा तोंडात टाकला. आणि खोटं कशाला बोला, त्याला तो गोड लागला.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात गिऱ्हाईक ओरडेनासं झालं. वैजिनाथ काही म्हणाला की लोक मान डोलावत. उधारी बुडवणारा एक टग्या पोरगा आपणहून येऊन पोतं उचलून देऊन गेला. वैजिनाथ रोज रात्री स्वतःवर चिडायचा आणि रोज सकाळी जरा छाती काढून दुकान उघडायचा. माणसाला दुसऱ्याचा अंगरखा घातला की लाज वाटते, पण ऊबही येते.

एके दुपारी तो जेवायला घरात गेला, तर जगदेवी गोठ्याच्या कडेला विचारात बसली होती.

"आवं, विमलबाई आल्ती," ती म्हणाली. विमलबाई शेजारची, जगदेवीची जिवाची मैत्रीण. "मला इचारलं, लई दुखलं का गं? मी म्हणलं, न्हाई, आधी औषध लावून बधिर केलतं, कापलेलं कळलं बी न्हाई. मालक समोरच उभे हुते. तर ती रडायाच लागली. म्हणली, राधाकिशन हुता का गं तो? मी म्हणलं, कोण, बांगड्यावाला? त्याचं काय हितं? तर माझं तोंड कुरवाळून निघून गेली. हे काय चाललंय? सासूबाई माझ्या हातचं पाणी बी घेत न्हाईत. नगरचं कळलं का त्यास्नी?"

वैजिनाथच्या हातातली भाकरी तशीच राहिली. राधाकिशन कासार घरोघर फिरून बांगड्या भरायचा. बायकांचा हात हातात घेणं हा त्याचा धंदाच. बांगडी चढताना दुखू नये म्हणून तो काहीतरी गमतीचं बोलायचा, आणि जगदेवी मनमोकळी हसायची. अख्ख्या गावासमोर, ओट्यावर बसून. तर लोकांनी माणूससुद्धा शोधून ठेवला होता.

"सांगतो," तो म्हणाला. "पट्टी सुटू दे, मग सांगतो सगळं."

"आत्ता सांगाया काय झालं?"

"दुकान उघडं हाय," असं म्हणून तो उठला.

पट्टी सुटायच्या आदल्या दिवशी, रविवारी, धुळाजी हसतच दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. "आप्पा, तुमचं निम्मं ऱ्हायलेलं काम आमी केलं बघा," तो म्हणाला.

"कसलं काम?"

"कासाराचं. पाटलांनी त्यांच्या गड्याला, सटवाला सांगितलं आन् सटवानं दोनी हात उखळात घालून मुसळानं कुटलं. आता कुणाच्या बायकूला बांगड्या भरतोय बघू."

वैजिनाथ तराजू टाकून अनवाणी पळाला. कासारांच्या आळीत, लिंबाखाली, राधाकिशन भिंतीला टेकून बसला होता. त्याचे दोन्ही हात फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवले होते आणि फडकी लाल झाली होती. अंगणात बांगड्यांचा हारा उलटा पडला होता. वैजिनाथला आधी हात दिसलेच नाहीत. त्याला वाटलं, मांडीवर कसलीतरी गाठोडी आहेत. कळलं तेव्हा तो तिथेच खाली बसला.

"आप्पा," राधाकिशन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "माझा काय कसूर झाला, तेवढं तरी सांगा. मला कुणी सांगंना."

"गाडी जुंपतो," वैजिनाथ म्हणाला. "नगरला नेतो तुला. चांगला डॉक्टर हाय तिथं."

राधाकिशनची बायको दारातून पुढे आली. "तुमच्या गाडीत न्हाई," ती म्हणाली. "आमच्या भावाची येतीय. तुमी जा, आप्पा. तुमच्या पाया पडते, जा."

घरी येऊन त्याने जगदेवीला सगळं सांगितलं. विडा, जाजम, छाती काढून उघडलेलं दुकान, काही झाकलं नाही. ती ऐकत होती.

"कवापास्नं ठावं हाय तुमाला?" तिने विचारलं.

"आल्या दिसापास्नं."

"आन् मला सांगितलं न्हाईत."

"मला वाटलं, पट्टी सुटली की दिसंल सगळ्यास्नी."

जगदेवी उठली, पदर खोचला आणि चालू लागली. कुठे निघाली हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. तो मागून गेला.

ऊन उतरत होतं आणि नदीकाठची चावडी भरलेली होती. पाटील लोडाला टेकले होते, शेजारी धुळाजी, खाली सटवा. सटवा नुकताच कडबा कापून आला होता. विळा अजून कमरेलाच होता. बाईमाणूस चावडीच्या पायरीशी येऊन उभं राहिलेलं बघून सगळे तिकडे वळले. जगदेवीने डोक्यामागे हात नेऊन गाठ सोडली, वेढे उलगडले आणि पट्टी खाली टाकली.

"बघा," ती म्हणाली. "आन् मला बी सांगा, काय कापलंय ते."

नाक होतं. अख्खं होतं. जरा सुजलेलं, आणि आधी होतं तसंच उजवीकडे कललेलं.

"मला श्वास येत न्हवता," जगदेवी म्हणाली. "लहानपणापास्नं न्हाई. नगरला जाऊन आतलं वाकडं काढून आणलं. ह्यांनी नेलं मला. राधाकिशनाचा काय संबंध हुता? त्याचे हात कावून मोडलेत तुमी?"

"खरं हाय," वैजिनाथ पुढे होऊन म्हणाला. "मिशनच्या दवाखान्यात नेलतं. मी पहिल्याच दिशी सांगाया पायजे हुतं. कसूर माझा हाय, पाटील. तिचा न्हाई आन् त्याचा बी न्हाई."

वैजिनाथला वाटलं, आता माना खाली जातील. निदान एखादी तरी. धुळाजी उठून पायरीपर्यंत आला. बैलाचे दात बघावेत तसं त्याने वाकून खालून-वरून निरखलं.

"न्हाई कापलेलं, पाटील," तो म्हणाला.

सुंदररावांनी जगदेवीकडे नाही, वैजिनाथकडे पाहिलं. "म्हंजे तू हात बी लावला न्हाईस?"

"कशाला लावू? तिनं केलंय काय?"

"काईच न्हवतं, तर कासाराचे हात कावून मोडले असते आमी?" पाटील म्हणाले. त्यात थट्टा नव्हती. ते खरंच विचारत होते. आणि चावडीवरच्या एकूण एक माणसाने मान हलवली. बरोबर आहे, हात मोडलेत म्हणजे काहीतरी असणारच.

वैजिनाथ एका तोंडावरून दुसऱ्या तोंडाकडे बघत राहिला. ही रोज त्याच्या दुकानात येणारी माणसं होती. कुणाला गूळ किती लागतो, कुणाच्या घरी तान्हं मूल आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्यांना नाक दिसत होतं. समोर, उन्हात, अख्खं. त्याचा काहीच उपयोग होत नव्हता.

"बायकू असले धंदे करती, आन् ह्यो तिला गाडीत घालून मलमपट्टी करून आणतोय," मागून कुणीतरी म्हणालं. "आन् आपण ह्याला जाजमावर बसवला." हशा पिकला. सटवा सगळ्यांत मोठ्याने हसला.

पाटील हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, तेव्हा सटवाने कमरेचा विळा काढून त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी हळूच पायरीवर, वैजिनाथच्या पुढ्यात ठेवला.

"अजून येळ गेली न्हाई, वैजिनाथ," ते म्हणाले. 'आप्पा' गळून पडलं होतं.

वैजिनाथच्या डोक्यात अशी तिडीक उठली, की तशी जन्मात कधी उठली नव्हती. हा विळा इथे, तिच्यासमोर, क्षणभरही राहता कामा नये. उचलावा आणि लांब नदीच्या पात्रात भिरकावून द्यावा. एवढंच त्याच्या मनात होतं. पुढे म्हातारा होईपर्यंत तो हेच सांगत आला, आणि ते खरंच होतं.

त्याने वाकून विळा उचलला. बघायला माणसं पुढे सरकली.

"चल घरी, जगदेवी," असं म्हणत तो वळला.

जगदेवीने दोन्ही हातांनी नाक घट्ट झाकून घेतलं होतं. हातांच्या वर नुसते डोळे दिसत होते आणि ते विळ्यावर खिळले होते. ती एकेक पाऊल मागे सरत होती.

"अगं, फेकायला उचललाय मी," वैजिनाथ ओरडला. "फेकायला!" त्याने जीव खाऊन विळा भिरकावला. तो पार पलीकडे, पात्रातल्या दगडांवर वाजला. वैजिनाथने रिकामे हात तिला दाखवले, पुढून आणि मागून.

जगदेवीने आपले हात खाली घेतले नाहीत.

"तुमी पुढं व्हा," हातांच्या आडून ती म्हणाली. "माझ्या मागं नगा ऱ्हाऊ."